सामाईक मिळकत

नोकरी टिकवण्यासाठी माणसे काय काय करतात, याच्या गोष्टी आपण सर्वांनीच ऐकल्या आहेत. नोकरीतून लवकर सुटण्यासाठी माणसे काय करतात, ही गोष्ट मात्र त्या मानाने नवी आहे. आमच्या वडिलांच्या पिढीत ५८ वे वर्ष जवळ येऊ लागले की घरावर उदासीची एक छाया पडत असे. उद्यापासून दिवस कसा काढायचा आणि येणाऱ्या पैशात घर कसे चालवायचे, या दोन चिंता एकदमच दाराशी येऊन उभ्या राहत. हल्ली पस्तिशीतला तरुण, ‘पंचेचाळिसाव्या वर्षी मी मोकळा होणार,’ असे सांगतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर शेवटच्या तासाची घंटा ऐकलेल्या मुलाचा आनंद असतो. मी शाळामास्तर असल्यामुळे तो आनंद मला लांबून ओळखता येतो.

या इच्छेची थट्टा करण्याचे मला काही कारण दिसत नाही. हिंजवडीच्या रस्त्यावर जो रोज सकाळ-संध्याकाळ मोटारींच्या रांगेत अडकून पडतो, त्याला सुटकेची स्वप्ने पडली तर नवल काय? आणि निवृत्तीची कल्पना आपल्याला परकीही नाही. गृहस्थाने अंगावरच्या सुरकुत्या, डोक्यावरचे पांढरे केस आणि मुलाचे मूल पाहिले म्हणजे वनाची वाट धरावी, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. या तीन खुणांपैकी दोन आरशात दिसतात आणि तिसरी पाळण्यात. नव्या निवृत्तीची खूण मात्र बँकेच्या खात्यात शोधावी लागते, आणि ती लवकर दिसावी म्हणून आरशाकडे व पाळण्याकडे पाहण्याचे कित्येकदा राहून जाते. मला जे म्हणायचे आहे ते या राहून जाण्याविषयी.

या मंडळींचे गणित असे आहे. विल्यम बेंगेन या अमेरिकन अर्थसल्लागाराने १९९४ साली तिकडच्या बाजाराची जुनी आकडेवारी तपासून एक ठोकताळा मांडला. निवृत्त माणसाने पहिल्या वर्षी आपल्या पुंजीतले शेकडा चार रुपये खर्च करावेत आणि पुढे महागाईच्या मानाने तेवढीच रक्कम वाढवीत न्यावी. म्हणजे ती पुंजी निदान तीस वर्षे पुरते. शंभराला चारांनी भागले की पंचवीस येतात. म्हणून वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट रक्कम साठली की माणूस सुटला, असे हे शास्त्र सांगते. तो हिशेब अमेरिकेचा होता आणि तीस वर्षांचा होता. पंचेचाळिसाव्या वर्षी घरी बसून पंचाऐंशी वर्षे जगणाऱ्याला तो कितपत लागू पडेल, याची चर्चा अर्थशास्त्र्यांनी करावी. माझा प्रश्न निराळा आहे, आणि तो मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे सुचला.

हा विद्यार्थी गेल्या वर्षी सहकुटुंब भेटायला आला होता. वय ३५, पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरी, मुलगी ८ वर्षांची, घरात आईवडील. पत्नी बँकेत आहे. तिच्या पगारातून घराच्या कर्जाचा हप्ता जातो. याच्या हातात महिन्याला १,००,००० रुपये पडतात, त्यांतले ६०,००० घरात खर्च होतात. बंगळूरच्या एका कंपनीने त्याला १,६०,००० देऊ केले होते. म्हाताऱ्या आईवडिलांना हलवणे शक्य नव्हते आणि पत्नीची नोकरी पुण्यात. तेव्हा जायचे ते एकट्यानेच, आणि महिन्यातून दोनदा घरी यायचे. “सर, तुम्हाला काय वाटतं?” असे विचारून त्याने मोबाइलवरचा एक तक्ता माझ्यापुढे धरला.

व्याज आणि महागाई ही दोघे एकमेकांना खाऊन टाकतात असे धरून आम्ही दोघांनी तो तक्ता कागदावर उतरवला. वर्षाचा खर्च ७,२०,०००. त्याची पंचवीसपट म्हणजे १ कोटी ८० लाख. पुण्यात राहिला तर वर्षाला ४,८०,००० शिल्लक पडणार, म्हणजे साडेसदतीस वर्षे. तोवर तो सत्तरी ओलांडून जाईल. बंगळूरला गेला तर तिथला राहण्याखाण्याचा आणि येण्याजाण्याचा २५,००० खर्च वजा जाता महिन्याला ७५,००० उरतील. वीस वर्षांत काम होईल. त्या वेळी त्याचे वय ५५ असेल आणि मुलीचे २८.

“आणि इथेच राहून महिन्याचा खर्च दहा हजारांनी कमी केलास तर?” मी विचारले. खर्च ५०,००० वर आला की दरमहा शिल्लक दहा हजारांनी वाढते, आणि साठवायची रक्कमही १ कोटी ५० लाखांवर उतरते. काटकसर अशी दोन्ही बाजूंनी उपयोगी पडते. उत्तर आले पंचवीस वर्षे. म्हणजे साठाव्या वर्षी निवृत्ती. त्याने लगेच दोन्ही उपाय एकत्र करून पाहिले. बंगळूरची नोकरी आणि घरातली काटकसर मिळून जवळजवळ पंधरा वर्षे. पन्नाशीत सुटका, मुलगी तेव्हा २३ वर्षांची. तो खूश झाला.

तक्ता बिनचूक होता. त्यात एकच रकाना नव्हता. साठाव्या वर्षाऐवजी पन्नासाव्या वर्षी तो मोकळा होणार, हे त्यातून कळत होते. परंतु त्या दहा वर्षांसाठी जी पंधरा वर्षे द्यायची ती कोणती, हे कळत नव्हते. ती मुलीच्या आठव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंतची होती. आणि जी दहा मिळणार होती त्यांत मुलगी बहुधा आपल्या नोकरीच्या गावी किंवा आपल्या संसारात असणार होती. पैसा आणि वेळ यांत हा मोठा भेद आहे. आजचा रुपया बँकेत ठेवला तर वीस वर्षांनी तो रुपया म्हणूनच परत मिळतो, थोडा वाढूनही मिळतो. आठ वर्षांच्या मुलीची संध्याकाळ कोणत्याही खात्यात ठेवता येत नाही. वीस वर्षांनी काढायला जावे तर तिथे अठ्ठावीस वर्षांची बाई उभी असते, आणि तिला घाई असते.

हेन्री डेव्हिड थोरो १८४५ साली वॉल्डन तळ्याच्या काठी झोपडी बांधून राहिला. तिथल्या अनुभवांच्या पुस्तकात त्याने असेच एक गणित घातले आहे. फिचबर्ग गाव तीस मैलांवर, आगगाडीचे भाडे नव्वद सेंट, म्हणजे त्या वेळची जवळजवळ एका दिवसाची मजुरी. तो म्हणतो, मी आत्ता पायी निघालो तर रात्र पडण्यापूर्वी तिथे पोचेन. तुम्ही आधी भाड्यापुरती मजुरी कराल आणि मग गाडीत बसाल, तोवर माझा प्रवास संपलेला असेल. कोणत्याही वस्तूची किंमत तिच्यासाठी द्याव्या लागणाऱ्या आयुष्यात मोजावी, हा त्याचा विचार मला फार मोलाचा वाटतो. पण थोरो सडाफटिंग होता. तो चालत फिचबर्गला गेला काय आणि वाटेत झाडाखाली झोपला काय, घरी कोणी जेवणासाठी खोळंबलेले नव्हते. आपले आयुष्य स्वस्तात विकले किंवा महागात विकले, तरी माल त्याचा स्वतःचाच होता. संसारी माणसाचे तसे नसते.

मग संसारी माणसाने पैशासाठी घर सोडूच नये काय? असे म्हणणे म्हणजे निम्म्या कोकणाला दोषी ठरवण्यासारखे होईल. मुंबईच्या गिरण्या ज्यांनी चालवल्या त्यांतले हजारो लोक बायकामुलांना गावी ठेवून गिरणगावात आले. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपले, खानावळवाल्या बाईच्या हातचे जेवले, आणि दर महिन्याला मनिऑर्डर पाठवत राहिले. १९८२ सालच्या संपानंतर अनेकांच्या त्या मनिऑर्डरी थांबल्या, तेव्हा गावोगावच्या घरांना त्यांची खरी किंमत कळली. पुढे रत्नागिरीकडची कितीतरी माणसे आखाती देशांत गेली, तीही याच वाटेने. गावच्या जमिनीत वर्षाचे धान्य पिकत नव्हते. कर्ता पुरुष घरी राहिला असता तर मुलांना बाप मिळाला असता, पण भाकरी मिळाली नसती. त्यांच्या जाण्याला कोणी नाव ठेवू शकत नाही.

शाळेतही मला हेच दिसते. ‘माझे वडील’ या विषयावरचे शेकडो निबंध मी तपासले आहेत. वडिलांचा पगार किती, हे कुणीही लिहीत नाही. वडील पतंगाला कणी कशी बांधतात, पोहायला कसे शिकवतात, रागावले की कसे दिसतात, हे सर्वजण लिहितात. पण ज्या मुलाच्या वडिलांचे काम सुटलेले असते, त्याच्या निबंधात मात्र दुसऱ्यातिसऱ्या वाक्यातच पैसा येतो. पैसा पुरेसा असला की मुलांना तो दिसत नाही, आणि कमी पडला की त्याच्यावाचून दुसरे काही दिसत नाही. म्हणून गरिबाला ‘घरच्यांना वेळ द्या’ असा उपदेश पोटभरल्या माणसाने करू नये. अपुऱ्या पैशाच्या घरात जो वेळ असतो, तो बऱ्याचदा काळजीत आणि कुरबुरीत संपून जातो.

तेव्हा घरापासून दूर जाण्यात पाप नाही आणि घरी बसून राहण्यात आपोआप पुण्यही नाही. मग योग्य कोणते आणि अयोग्य कोणते, हे कशावरून ठरवायचे? मला या बाबतीत आपल्या जुन्या वारसाशास्त्राचा आधार सापडला.

आजच्या बसवकल्याणात, म्हणजे चालुक्यांच्या कल्याणीत, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, त्याला सुमारे नऊशे वर्षे झाली. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचा कायदा पुढे तिच्यावरच उभा राहिला. वडिलार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हिस्सा मिळतो, हे तिचे मुख्य सूत्र. बाप मेल्यावर हक्क येतो असे नव्हे. पाळण्यातले पोर ‘ट्यँहँ’ करते त्या क्षणीच ते बापाचे भागीदार होते. महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली हा हक्क मुलीलाही दिला. घराचा कर्ता हा त्या मिळकतीचा व्यवस्थापक. एकटा धनी नव्हे. ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा अधिकार त्याला आहे, परंतु तो मोकाट नाही. कुटुंबाची खरी गरज असली पाहिजे, किंवा मिळकतीचे हित साधत असले पाहिजे. अन्नवस्त्र, आजारपण, शिक्षण, सरकारदेणे, ही गरज. कर्त्याला एखादा नवा धाडसी धंदा करून पाहण्याची हौस आली, ही गरज नव्हे. १८५६ साली हनुमानप्रसाद पांडे यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने त्यापुढचेही एक पाऊल टाकले. जो कर्ज देतो त्यानेही, ही गरज खरी आहे की नाही, याची चौकशी केली पाहिजे, असे तिथे ठरले.

मला वाटते, कर्त्या माणसाचा वेळ ही अशीच सामाईक मिळकत आहे. त्यात बायकोचा, आईवडिलांचा आणि मुलांचा हिस्सा असतो. मुलांचा तर जन्मापासून. तो वेळ विकून पगार आणायचा, हे कर्त्याचे कामच आहे. त्यावाचून घर चालत नाही. मात्र विकताना त्याने स्वतःला विचारले पाहिजे की, ही गरज आहे की हौस? आईचे ऑपरेशन, डोक्यावरचे कर्ज, मुलाची फी, यांसाठी विकलेल्या वेळेबद्दल कोणताही वारस पुढे दावा लावणार नाही. परंतु पन्नासाव्या वर्षी आपल्याला स्वस्थ बसता यावे म्हणून मुलीच्या वाट्याच्या संध्याकाळी विकल्या, तर तो व्यवहार कशात बसतो? खरेदीदार कंपन्या तर चौकशी करीतच नाहीत. किती वाजता निघू शकाल, एवढेच त्या विचारतात. त्यामुळे चौकशीची सारी जबाबदारी विकणाऱ्यावरच येऊन पडते.

मी हे सर्व त्या विद्यार्थ्याला सांगत होतो तेव्हा त्याची पत्नी शांतपणे ऐकत होती. मग ती म्हणाली, “सर, ह्यांनी तक्त्यात सगळं धरलंय. हिचा अभ्यास कोण घेणार आणि मामंजींना डॉक्टरकडे कोण नेणार, तेवढं धरलेलं नाही.”

तो थोडा वरमला. “अगं, ते तू करतेसच की.”

“करतेच. दोन वर्षांपूर्वी मला बढती आली होती सोलापूरच्या शाखेत. आठवतं? एका संध्याकाळी नको म्हणून कळवून टाकलं. तेव्हा कुणी तक्ता मांडला नव्हता.”

तिच्या बोलण्यात चीड नव्हती, म्हणूनच खोलीत क्षणभर कुणाला काही बोलवेना. तिने तक्त्यातला सर्वांत मोठा लपलेला आकडा सांगितला होता. नवरा परगावी जातो तेव्हा त्याला आपण त्याग करतो आहोत असे वाटते, आणि ते खोटे नसते. पण त्या त्यागाचा अर्धा भाग बायकोच्या खात्यातून खर्ची पडत असतो. मुलांची आजारपणे, सासूसासऱ्यांची पथ्ये, नळाचा मिस्त्री, शाळेतली पालकसभा, हे सारे जो उरतो त्याच्या अंगावर येते. आणि लवकर निवृत्त होण्याविषयी बोलायचे तर आपल्याकडे कितीतरी बायका पहिल्या बाळंतपणातच निवृत्त होतात. त्यांच्या निवृत्तीला निरोपसमारंभ नसतो, शाल-श्रीफळ नसते, आणि पंचवीसपट पुंजी तर नसतेच. त्यांनी कोणता पगार सोडला हे घरात कुणी लिहूनही ठेवत नाही. ज्या घरात पुरुषाची निवृत्ती हे ध्येय आणि बाईची निवृत्ती हा रिवाज मानला जातो, तिथे न्यायाची गोष्ट अजून सुरूच व्हायची आहे.

इंग्रजी निबंधकार चार्ल्स लॅम ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत १७९२ साली कारकून म्हणून लागला आणि तेहेतीस वर्षे खतावण्या भरून १८२५ साली पेन्शनीत निघाला. त्या सुटकेवर त्याने एक सुंदर निबंध लिहिला आहे. इतकी वर्षे ज्या मोकळेपणाचा ध्यास घेतला तो हाती आल्यावर तो प्रथम बावचळून गेला. आज वार कोणता हेही कळेनासे झाले, कारण सगळेच वार सुटीचे! लॅमचे लग्न झालेले नव्हते. मानसिक विकाराने ग्रासलेल्या बहिणीला त्याने जन्मभर सांभाळले. मात्र त्यासाठी त्याने पेन्शनीची वाट पाहिली नाही. नोकरी चालू असतानाच, कचेरीतून परतल्यावरच्या वेळात, त्याने तिची सोबत केली आणि दोघांनी मिळून मुलांसाठी शेक्सपीअरच्या नाटकांच्या गोष्टीही लिहिल्या. त्यामुळे तो निवृत्त झाला तेव्हा आपल्याच घरात आला. वीस वर्षे बाहेर राहून जो परततो त्याला पुष्कळदा घरात पाहुण्याची जागा मिळते. घरातल्यांनी त्याच्यावाचून चालवण्याची घडी बसवलेली असते. कोणते कपाट कुणाचे, चहा किती वाजता, कोणत्या विषयावर बोलायचे नाही, हे त्याला ठाऊक नसते. घरात राहणे हीसुद्धा रोजच्या सरावाने येणारी विद्या आहे. ती पन्नासाव्या वर्षी एकदम येत नाही.

त्या दोघांनी पुढे काय केले, तेही सांगतो. कारण त्यात मला माझ्या उत्तरापेक्षा अधिक शहाणपण दिसले. तो बंगळूरला गेला आहे, पण पन्नाशीत निवृत्त होण्यासाठी नव्हे. घराचे कर्ज २७ लाख उरले होते. महिन्याला ७५,००० प्रमाणे तीन वर्षांत तेवढी रक्कम उभी राहते. ती फिटली की तो परत येणार, आणि पुन्हा बढतीची संधी आली तर या खेपेला तिने जायचे, असे दोघांनी मिळून ठरवले. मुलीला समोर बसवून कॅलेंडरवर खुणा केल्या. पंधराव्या वर्षाची ती मोठी रक्कम आता त्याच्या तक्त्यात नाही.

कर्त्याने वेळ विकावा, पण गरजेपुरता, घरच्यांना विचारून, आणि मुदत घालून. बिनमुदतीच्या गहाणातली जमीन सुटत नाही, हे आपल्या खेड्यांनी सावकारीच्या काळात फार दुःखाने पाहिले आहे. ‘अजून थोडे साठू दे’ हे वाक्य अशाच गहाणखतातले असते. पंचवीसपट झाले की तीसपट बरे वाटू लागते, आणि मुलीच्या उंचीच्या खुणा भिंतीवर आपोआप वर सरकत राहतात.

दिवाळीत व्यापारी लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा करतात आणि पाडव्याला नव्या वहीत पहिली नोंद घालतात. पगारदारांच्या घरी अशी वही नसते. असते ती मोबाइलमध्ये. तिच्यात भविष्यनिर्वाह निधी असतो, विम्याचे हप्ते असतात, सोने असते. यंदा फराळ आटोपून सर्वजण एकत्र बसतील तेव्हा त्या वहीत एक रकाना जास्त आखायला हरकत नाही. या वर्षी घरातल्या प्रत्येकाने आपला वेळ कुणाला दिला, आणि तो कुणाच्या वाट्यातून दिला? रकाना भरताना मुलांनाही बोलू द्यावे. त्यांचा हिस्सा आहे, आणि त्यांचा हिशेब सहसा चुकत नाही.